मिठाची पोती

माझ्या मायच्या जात्यावरच्या ओव्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. एकूण ४३ फायली. २०१६ आणि २०१७ अशा दोन दिवाळ्यांच्या सुट्टीत, केज तालुक्यातल्या माहेरी, माळवदाच्या घराच्या ढाळजेत बसून मी त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. जातं केव्हाचंच परसात उपडं पडलं होतं, दळण गिरणीतून यायचं. पण मायला हात रिकामे ठेवून गाता येईना. मग तिनं परातीत दोन ओंजळी ज्वारी घेतली आणि गाताना ती हातानं गोल फिरवत राहिली. दाण्यांचा परातीवरचा तो आवाज प्रत्येक फायलीत आहे. मोबाइल समोर धरला की दर वेळी ती आधी विचारायची, "झालं का गं चालू?" मी मान हलवायचे. ती खाकरायची आणि ओवी सुरू व्हायची.

२०१८ च्या उन्हाळ्यात माय गेली.

मोबाइल भरत आला म्हणून तोवर मी सगळ्या फायली कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या आणि मोबाइलमधून काढून टाकल्या होत्या. ओव्या ऐकून लिहायलाही घेतल्या होत्या. त्याची वर्डची एक फाइल होती, तीसेक पानांची. हे म्हणाले, एवढं मोलाचं आहे तर एक प्रत पेनड्राइव्हवर असू दे. आम्ही दोघांनी बसून ती घेतली. पेनड्राइव्हला पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्यावर "माय" लिहिलं आणि कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवून दिला. आपण जपायचं ते जपलं, या भावनेत दोन वर्षं गेली.

२०२० च्या जुलैत अंबाजोगाईत शाळा बंद, क्लास बंद. बारावी झालेला आमचा मुलगा घरातच होता. त्याला शासकीय मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती आणि क्लासमध्ये सराव चालायचा ते सॉफ्टवेअर घरी हवं होतं. शोधल्यावर ते एका ठिकाणी फुकट मिळालं. सोबत सूचनांची एक छोटी फाइल होती. पहिली सूचना, अँटिव्हायरस बंद करा. दुसरी, क्रॅकच्या, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिन्हावर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

त्यानं दोन्ही केलं. त्याला मी तेव्हाही रागावले नाही आणि आजही त्याचा दोष मानत नाही. आमच्या भागात कॉम्प्युटर घेतला की विंडोज, ऑफिस, फोटोंचं सॉफ्टवेअर असं सगळं "टाकून" मिळतं. ते टाकून देणारा कुठून आणतो हे कुणी विचारत नाही. सॉफ्टवेअर विकत घ्यायची वस्तू आहे हे घरात कधी बोललंच गेलं नाही, तर लेकराला कसं कळावं? शिवाय एक समजूत घरोघरी पक्की आहे: क्रॅक असला की अँटिव्हायरस ओरडतोच, तिकडे लक्ष द्यायचं नसतं. चोराला याहून मोठी मदत कुणी केली नसेल. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो, वेगळे पैसे पडत नाहीत. त्या दुपारी त्यानं आपलं काम केलं होतं, लाल खूण दाखवून त्या फाइलला अडवलं होतं. वस्तीवर परका माणूस आला की कुत्रं भुंकतं. आम्ही आधी कुत्रं बांधून घातलं आणि मग दार उघडलं.

थोड्या वेळानं पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली. आकडा हळूहळू वाढत होता. लाइट गेलेली होती, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता. हे म्हणाले, "अपडेट चालूय, मध्येच बंद पडायला नको." म्हणून आम्ही पंखे बंद केले. राऊटर तेवढा चालू ठेवला, अपडेट अर्धवट राहू नये म्हणून. तिघंही घामाघूम होऊन तो आकडा बघत बसलो.

ती खिडकी खोटी होती. तिच्या मागे घरातली एकेक फाइल कुलूपबंद होत होती. स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर व्हायरसची ही नेहमीची रीत आहे. घरगुती कॉम्प्युटरांना त्या काळात सगळ्यात जास्त छळलेला व्हायरस हाच, आणि तो पसरायचा मुख्यतः क्रॅकमधून. आकडा संपला तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलेलं होतं. शाळेची हजेरी, लग्नाचे फोटो, "माय ओवी १७", कशालाच सुटका नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये एकेक चिठ्ठी होती. इंग्रजीतच होती, पण अर्थ सरळ होता: काळजी करू नका, सगळं परत मिळेल, किंमत ९८० डॉलर. ७२ तासांत बोललात तर निम्मी, ४९०. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ. त्या वेळच्या भावानं निम्मी रक्कमही सदतीस हजारांच्या आसपास जात होती.

नंतर वाचनात आलं की ही खंडणी फार जुनी आहे. १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या माणसानं एड्सची माहिती म्हणून हजारो फ्लॉप्या टपालानं लोकांना पाठवल्या होत्या. कॉम्प्युटर ठरावीक वेळा चालू-बंद झाला की फायलींची नावं बिघडायची आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा असा संदेश यायचा. तेव्हा हवी असलेली वस्तू टपालानं घरात यायची, आता ती आपणच शोधून आणतो. एवढाच फरक पडला.

संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तोंडाला रुमाल बांधून दारातच थांबला होता, मीच त्याला आत घेतलं. त्यानं आधी राऊटरची वायर काढली, मग विचारलं, "बाई, बॅकअप हाय का?"

मी कपाट उघडलं, डबा काढला आणि चिकटपट्टी लावलेला पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला. त्या क्षणी मला खरंच काही भीती वाटत नव्हती. त्यानं तो आपल्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर एकच पिवळं फोल्डर दिसलं, "माय". त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. तो बराच वेळ त्या बाणाकडे बघत राहिला. मग त्यानं चिन्हावर राइट क्लिक केलं आणि मला आकार दाखवला. दोन केबी.

"बाई, हा शॉर्टकट हाय. फोल्डर न्हाई."

डेस्कटॉपवर आम्ही रोज ज्या चिन्हावर टिचकी मारायचो ते फोल्डर नव्हतंच, आतल्या फोल्डरकडे नेणारी खूण होती. आम्ही तीच उचलून पेनड्राइव्हवर ठेवली होती. आमच्या कॉम्प्युटरला जोडलेला असताना पेनड्राइव्हवर टिचकी मारली की सगळ्या फायली दिसायच्या, कारण त्या कॉम्प्युटरमधल्या असायच्या. घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आम्ही दागिन्यांत जपून ठेवली होती.

वीस-बावीस वर्षं मी लेकरांना वेरूळ-देवगिरीच्या सहलीला नेत आलेय. देवगिरी त्यांना फार आवडतो. खंदक, वळणावळणानं येणारे दरवाजे, हत्तीची धडक अडवायला दारांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, आणि मग ती अंधारी, जिथं आपलाच हात आपल्याला दिसत नाही. (आज दिसतं त्यातलं बरंचसं बांधकाम यादवांच्या नंतरचं आहे, हेही मी त्यांना सांगते.) वर पोचल्यावर, सगळे दम खात बसले की १२९६ ची गोष्ट सांगायची हा माझा शिरस्ता. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामदेवरायानं गडाचा आसरा घेतला. घाईघाईनं पोती आत घेतली होती, धान्याची समजून. वेढा पडल्यावर ती उघडली तर आत मीठ, अशी कथा सांगतात. कडा तासलेला होता, गड उंच होता, पण मीठ खाऊन दिवस निघत नाहीत. तह करावा लागला. दर वर्षी एखादं लेकरू हमखास विचारतं, "बाई, पोती आधीच उघडून कामून बघितली न्हाईत?"

त्या संध्याकाळी दोन केबीच्या त्या चिन्हाकडे बघताना मला त्या लेकराचाच आवाज ऐकू आला.

माझ्या माहेरी बळदातली ज्वारी कधी कुणी डोळे मिटून वापरली नाही. माय अधूनमधून कोपरापर्यंत हात घालून आतले दाणे काढायची, तळहातावर पसरून बघायची, एखादा दातानं फोडायची. बाजारात आडत्यासुद्धा पोत्यात टोकदार नळी खुपसून मधला माल काढून बघतो, वरचा बघत नाही. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. तरी पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून एक ओवी ऐकून बघावी, हे दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

विद्यार्थ्यानं कॉम्प्युटर पुसून नवा करायच्या आधी एक गोष्ट केली, तिचे उपकार मी विसरणार नाही. "लॉक झालेल्या फायली फेकू नका, बाई. कधी ना कधी काही निघंल," म्हणाला आणि त्या सगळ्या एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवल्या. मग त्यानं चिठ्ठीच्या तळाशी असलेला आमचा ओळख क्रमांक बघितला. या व्हायरसची कुलपं दोन प्रकारची असतात. चालू झाला की तो आधी आपल्या मालकाच्या सर्व्हरकडे किल्ली मागतो. संपर्क झाला नाही तर स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरतो, आणि ती अनेकांच्या घरी एकच असते. अशा वेळी क्रमांकाच्या शेवटी टी१ असतं. ठरलेल्या किल्लीच्या फायली उघडता येण्याची आशा असते. एमसिसॉफ्ट या कंपनीनं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तसं साधन फुकट उपलब्ध करून दिलं होतं. आमच्या क्रमांकाच्या शेवटी टी१ नव्हतं. किल्ली सर्व्हरवरून आली होती, फक्त आमच्यासाठी बनवलेली.

आमच्याकडे नेट दिवसातून चार वेळा जातं. त्या दुपारी इन्व्हर्टरवर राऊटर आम्हीच चालू ठेवला होता.

खंडणी दिली नाही. पैशांचा प्रश्न होताच, पण दिल्यावर किल्ली मिळेल याची हमी कोण देणार होतं? आणि मिळाली असती तरी मायच्या आवाजाचे पैसे चोराच्या हातात ठेवायचं माझ्या मनाला पटलं नसतं. या व्हायरसबरोबर पासवर्ड चोरणारा दुसरा एक प्रोग्रॅमही पुष्कळदा येतो. म्हणून त्याच रात्री मोबाइलवरून बँकेचे, मेलचे, सगळे पासवर्ड बदलले. ते त्या कॉम्प्युटरवरून बदलायचे नसतात, हे विद्यार्थ्यानं दोनदा बजावलं. आता ते एका वहीत लिहिलेले असतात आणि वही कपाटात असते. वहीत लिहू नये असं म्हणतात खरं, पण माझं मत वेगळं आहे. आमच्या कपाटापर्यंत परदेशातला चोर पोचत नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवला तर तिथं मात्र तो बसल्या जागी पोचतो.

त्यानंतर घरात बरंच बदललं. सगळ्यात मोठा बदल मला माहेरच्या वाड्यासारखा वाटतो. वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असायची. रोजची ये-जा तिच्यातून, वाकून. मोठा दरवाजा उघडायचा तो बैलगाडी आत घ्यायची असेल तेव्हा, आणि तोही घरातलं मोठं माणूस समोर उभं असताना. विंडोजमध्ये नेमकं असंच करता येतं. रोजच्या कामाला साधं खातं, आणि नवं काही बसवायचं असेल तेव्हाच ॲडमिनिस्ट्रेटरचं, वेगळ्या पासवर्डचं. व्हायरस दिंडीतूनही शिरू शकतो आणि त्या खात्यातल्या फायली बिघडवू शकतो. पण अख्खं घर ताब्यात घेणं त्याला जड जातं. मुख्य म्हणजे पासवर्ड मागितला गेला की हात क्षणभर थांबतो, आपण कुणासाठी दार उघडतोय हा विचार त्या थांबण्यात होतो. त्या दुपारी तो क्षण आम्हाला मिळालाच नाही.

अपडेटबद्दल लोकांचा अनुभव वाईट असतो, डेटा जातो, वेळ जातो, हे मला मान्य आहे. आम्हाला तर खोट्या अपडेटनंच फसवलं. तरी खरं अपडेट टाळू नये असं मी म्हणते, ते २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसमुळे. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्या वर्षी १४ मार्चला दिलं होतं. हल्ला झाला १२ मेला. जवळजवळ दोन महिने औषध घरात होतं, दीडशे देशांत लोकांनी घेतलं नव्हतं. आणि खरं अपडेट सेटिंगमध्ये आपण स्वतः जाऊन बघितलं की दिसतं. अनोळखी फाइल चालवल्यावर उगवलेल्या खिडकीला अपडेट समजू नये.

फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, पूर्ण दिसू देणं हीसुद्धा फार मोलाची गोष्ट. विंडोज ते लपवून ठेवतं. २००० च्या मे महिन्यात जगभर पसरलेलं "आय लव्ह यू"चं प्रेमपत्र याच सवयीवर चाललं. लोकांना वाटलं साधी मजकुराची फाइल आहे, खरं शेपूट प्रोग्रॅमचं होतं. आता मी शाळेतल्या सहकाऱ्यांकडून आलेली फाइलसुद्धा आधी शेपटाकडून बघते. बिलाच्या नावाखाली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमचं शेपूट, दिसलं की उघडायचं नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर तेही तसंच. पडद्यावर फोन नंबर दाखवून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणणाऱ्यांबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. त्या नंबरला फोन करायचा नाही, त्यांच्या सांगण्यावरून कसलंही ॲप घ्यायचं नाही, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावायचा.

पुढे त्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढेना, आणि विंडोज १० ची फुकटची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबणार होती. तेव्हा विद्यार्थ्यानं त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालून दिलं. फुकट आणि हक्काचं. रोजचं मराठी लिहायला विंडोजमध्ये असो की लिनक्समध्ये, युनिकोडचा मराठी कीबोर्ड आधीपासून असतोच, त्यासाठी कुठलाही क्रॅक लागत नाही. हे आम्हाला २०२० मध्ये कुणी सांगितलं असतं तर परीक्षेचं नसतं भागलं, पण घरात क्रॅकची सवयच कदाचित लागली नसती.

बॅकअपचा एक नियम आहे, पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे तो प्रसिद्ध झाला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. तिसरा भाग आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना समजावून द्यावा लागत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपानं दगडमातीची घरं बसली, तेव्हा माणसं गेली, आणि जी वाचली त्यांची कागदपत्रं, पेट्यांतले फोटो त्याच ढिगाऱ्याखाली राहिले. आमची घराबाहेरची प्रत आता लातूरला बहिणीकडे आहे. घरातली हार्ड डिस्क प्रत घेऊन झाली की लगेच काढून ठेवते. जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागतं.

आणि खंडेनवमीला ती उघडते. त्या दिवशी विळा, कोयता, शिलाई मशीन धुऊनपुसून पुजतो, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागतं. मग दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरला डिस्क जोडायची आणि फायली नुसत्या मोजायच्या नाहीत, उघडून बघायच्या, ऐकायच्या.

ऐकायला काही आहे, ते त्या विद्यार्थ्यामुळे. सातआठ महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, ती डिस्क हाय ना तुमच्याकडं?" त्याला कळलं होतं की हा व्हायरस अख्खी फाइल कुलूपबंद करत नाही. चोराला घाई असते. प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा दीडशे केबीच्या आसपासचा भाग बिघडवायचा आणि पुढच्या फायलीकडे जायचं. वर्डची फाइल तेवढ्यात पूर्ण जाते, तशी माझी तीस पानं गेली. फोटोचं सगळं सुरुवातीवर अवलंबून असतं, म्हणून तोही सहसा उघडत नाही. पण एमपी३ ची गोष्ट वेगळी. तिच्यात आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत एकापाठोपाठ एक ठेवलेला असतो आणि बहुतेक प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा असतो. पुढचा बिघडलेला भाग कापून टाकला की उरलेलं वाजतं. माझ्या मोबाइलनं योगायोगानं एमपी३ मध्येच रेकॉर्ड केलं होतं. त्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सोळा केबी लागतात. म्हणजे गेले ते प्रत्येक फाइलचे पहिले साधारण दहा सेकंद.

तो घरी येऊन एकेक फाइल कापत गेला. पहिली वाजली तेव्हा आधी परातीवरचे दाणे ऐकू आले, मग एका शब्दाच्या अर्ध्यातून माय. हे उठून गॅलरीत गेले. आता सगळ्या ४३ फायली अशाच सुरू होतात, ओवीच्या मधून. "झालं का गं चालू?" त्यांतल्या एकीतही नाही, ते पहिल्या दहा सेकंदांतच असायचं. त्या ओव्या मी पुन्हा ऐकून पुन्हा लिहितेय. पहिली ओळ आठवेल तशी कंसात घालते.

३१ व्या फायलीत मात्र ओवी चालू असताना दारावरून ट्रॅक्टर गेला होता. माय थांबली. ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत नुसते दाणे फिरत राहिले, मग तिनं विचारलं, "चालूच हाय ना गं?" खंडेनवमीला मी ती फाइल सगळ्यात शेवटी लावते.